पितळी खलातल्या आठ गोळ्या

कुंदनकाका तांबटांच्या हाताबद्दल कॉलेजात एक समज होता, आणि काकांनी तो कधी खोडून काढल्याचं कुणाला आठवत नाही. समज असा, की काळी गोळी त्यांच्या हातची असेल तर ती बिघडत नाही. नाशिकच्या त्या कॉलेजात, पदार्थविज्ञान विभागात, काका छत्तीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. कुठली चावी कुठल्या कुलपाची, कुठला मीटर खोटं बोलतो, कुठल्या सरांच्या चहात साखर घालायची नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. पण जीव अडकलेला होता तो एकाच कामात, आणि ते काम म्हणजे घोटणं.

काळी गोळी म्हणजे अतिवाहक. यिट्रियमची आणि बेरियमची पांढरी भुकटी, तांब्याची काळी भुकटी, तिन्ही मोजून एकत्र करायच्या, खलात तासन् तास घोटायच्या, भट्टीत नऊशे अंशांच्या वर भाजायच्या, काढून पुन्हा घोटायच्या, पुन्हा भाजायच्या. असं तीनदा. मग दाबून रुपयाएवढी वडी पाडायची आणि ऑक्सिजनच्या धारेत अगदी सावकाश निववायची. इतकं करून हाती येतो तो कोळशाच्या तुकड्यासारखा एक तुकडा. पण त्याच्यावर द्रव नायट्रोजन ओतला की त्यातून वीज काडीचाही अडथळा न होता वाहते, आणि वर ठेवलेलं लोहचुंबक अधांतरी तरंगतं. द्रव नायट्रोजनचं नाशकात काही अडत नाही. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो जनावरांच्या दवाखान्यांना लागतोच. त्यांची गाडी दर मंगळवारी कॉलेजच्या फाटकाशीही थांबते.

काका वाढले तांबट आळीत. वडील तांब्यापितळेची भांडी घडवायचे, ओतकामही करायचे. स्टीलची भांडी आली आणि आळीतली एकेक भट्टी निवत गेली. वडिलांची शेवटची निवली त्या वर्षी कुंदन तेवीस वर्षांचा होता, आणि कॉलेजात परिचराची जागा निघाली. त्या दिवसांत जगभर ह्या काळ्या गोळ्यांचं वेड लागलेलं. विभागातल्या तेव्हाच्या सरांनी नव्या पोराला एक अकीकाचा, म्हणजे सहसा न झिजणाऱ्या कठीण दगडाचा, खल दिला आणि म्हणाले, घोट. पोरगा घोटायला बसला. तांबटाचा मुलगा, हाताला लय होती आणि कानाला सवय. खलात खरखर आहे की सरसर आहे ह्यावरून भुकटी झाली की नाही ते त्याला कळायचं. सरांना सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागायचं.

पुढं सर बदलले, विद्यार्थी आले आणि गेले, काही जण परदेशात जाऊन मोठे झाले. काका घोटतच राहिले. घोटण्याची त्यांची एक वेगळी खोली होती, खिडकी बंद, पंखा काढून टाकलेला. घोटताना तिथं कुणी यायचं नाही असा त्यांचा दंडक होता. भुकटी उडते, बेरियम विषारी असतं, ही कारणं खरीच. पण छत्तीस वर्षांत माणसाला एखादी खोली आपली वाटायला लागते, हेही तितकंच खरं.

निवृत्तीला एक वर्ष उरलेलं असताना, जून महिन्यात, नळाखाली धुताना तो अकीकाचा खल काकांच्या हातातून सुटला आणि मोरीच्या कडेवर आपटून त्याचे दोन तुकडे झाले. काका तिथंच स्टुलावर बसले. मग उठून त्यांनी नव्या खलासाठी अर्ज लिहिला. विभागप्रमुख डॉक्टर ललित गायधनींनी त्यावर सही केली. गायधनी सर सही करताना कागद वाचत नाहीत, ही गोष्ट शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. अर्ज खरेदी समितीकडे गेला. समितीला तीन ठिकाणचे दर हवे होते, मग सदस्य हवे होते, मग तारीख हवी होती. खल काही आला नाही.

आणि काम तर थांबवता येत नव्हतं, कारण ते आफियाचं होतं.

आफिया मोमीन मालेगावची. अब्बूंचे चार यंत्रमाग, घरात सतत खडखडाट. पोरगी त्या खडखडाटात गणितं सोडवत पीएचडीपर्यंत आली. तिचा विषय असा: ह्या काळ्या गोळीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात कशानं? जगातल्या भल्याभल्यांना ज्याचं उत्तर अजून पक्कं सांगता आलेलं नाही, त्या कोड्याचा एक बारीकसा कोपरा तिनं धरला होता. गोळीतल्या काही तांब्याच्या जागी निकेल घालायचं आणि जोड्या किती मोडतात ते मोजायचं. निकेलच्या गोळ्या दोन वर्षांत झाल्या होत्या, सगळ्या काकांच्या हातच्या. आता शेजारी ठेवायला शुद्ध गोळी नव्यानं हवी होती, कारण सुरुवातीची मोजमापासाठी कापण्यात संपली होती. शुद्ध गोळी केल्विनच्या हिशेबानं एक्क्याण्णव अंशांवर अतिवाहक होते, म्हणजे आपल्या शून्याच्या खाली एकशे ब्याऐंशी. ती एक्क्याण्णववर आली की बाकीच्यांना अर्थ. जून महिन्यात आफिया मोजणीसाठी इंदूरला होती. जाताना म्हणाली होती, "काका, मी येईपर्यंत एक शुद्ध गोळी करून ठेवा. तुमच्यावर सोडलं म्हणजे झालंच."

ह्या वाक्यानं काकांचा घात केला. घरी पितळी खलबत्ता होता, वडिलांनी ओतलेला, जड, आतून गुळगुळीत. काका तो पिशवीत घालून घेऊन आले. त्यांनी विचार केला नव्हता असं नाही. विचार केला तो असा: घोटताना थोडं पितळ झिजेल, पण गोळीत तांबं तर आहेच, तांब्यात तांबं गेलं तर बिघडलं कुठं? आफियाला सांगायचं त्यांनी पुढच्या आठवड्यावर ढकललं. खल आपल्या हातून फुटला हे त्या पोरीला सांगायची त्यांना लाज वाटत होती. पुढचा आठवडा आला तोवर नव्या खलाची आशा होती. मग ते राहूनच गेलं.

पहिली गोळी अठ्ठ्याऐंशीवर आली. दुसरी शहाऐंशीवर.

आफिया परत आली होती. तिनं भट्टीचा तापमापक तपासला, ऑक्सिजनची नळकांडी बदलली, भुकटी पुरवणाऱ्या कंपनीला रागाचं पत्र लिहिलं. काकांना वाटलं, आपलं घोटणं कमी पडतंय. वय झालं, दुसरं काय. म्हणून ते जास्त घोटायला लागले. चार तासांचे सहा केले, सहाचे आठ. खांदा भरून यायचा, घरी छायाकाकू रात्री तेल चोळून द्यायच्या, "अहो, खलात काय सोनं घोटताय का?" म्हणून विचारायच्या. आणि काका जितकं जास्त घोटत तितकी गोळी खाली खाली जायची. चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी, एक्क्याऐंशी, ऐंशी, एकोणऐंशी. आठवी गोळी नायट्रोजनमध्ये उकळ्या थांबेपर्यंत बुडवून ठेवली तरी वरचं लोहचुंबक जागचं हललं नाही.

ऑक्टोबर उजाडला होता. गायधनी सरांनी आफियाला खोलीत बोलावलं आणि सरळ सांगितलं. पंधरा डिसेंबरला पुण्याला विद्यापीठाच्या समितीपुढं प्रगती दाखवायची आहे. तोवर शुद्ध गोळी एक्क्याण्णववर आली नाही तर हा विषय सोडायचा. शिष्यवृत्ती मार्चपर्यंत, तेवढ्यात काहीतरी सोपं करून प्रबंध उरकायचा. आफिया बाहेर आली, बाकावर बसली आणि रडली नाही, पण तिनं एकच बाटली चार वेळा पुसली. काकांना ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं काकांची वही मागितली. काका प्रत्येक वेळी घोटण्याआधीचं आणि घोटल्यानंतरचं वजन लिहून ठेवत. कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या सरांनी लावलेली सवय. अक्षर फक्त त्यांनाच लागायचं, म्हणून ते वाचत होते आणि आफिया संगणकात भरत होती.

"आठवी. आधी वीस ग्रॅम. नंतर वीस पूर्णांक चौदा शतांश," काकांनी वाचलं.

"म्हणजे वाढलं? हवेतला ओलावा धरला असेल," आफिया म्हणाली आणि पुढच्या आकड्याची वाट बघत राहिली.

काकांनी तो आकडा पुन्हा वाचून पाहिला. छत्तीस वर्षांत घोटून भुकटी कमी झालेली त्यांनी पाहिली होती. थोडी खलाला चिकटते, थोडी उडते. दहा शतांश तर जाणारच. दळणाला टाकलेले गहू परत येताना पीठ होऊन वाढतात का कधी? ओलावा धरायचे दिवसही आता राहिले नव्हते. ते "आलोच" म्हणून उठले, आपल्या खोलीत गेले, कपाटातून खलबत्ता काढला आणि उजेडात धरला. तळ लखलखत होता. बोट फिरवलं तर मध्ये खोलगट लागलं.

झिजलंय, हे त्यांना कळलं. आणि मग दुसरी गोष्ट कळली, जी त्यांना, तांबटाच्या पोराला, पहिल्या दिवशीच कळायला हवी होती. पितळ म्हणजे नुसतं तांबं नव्हे. लहानपणी वडिलांच्या मुशीत वितळलेल्या तांब्यावर जस्ताचे तुकडे त्यांनीच टाकले होते. पांढरा धूर उठायचा आणि वडील ओरडायचे, मागं हो. तांब्यात तांबं गेलं होतं, पण त्याचं बोट धरून जस्तही गेलं होतं.

ते परत येऊन आफियासमोर बसले.

"मॅडम," ते म्हणाले. चारचौघांत ते तिला मॅडम म्हणत, आणि एकटी असली की पोरी. आज एकटी असूनही मॅडमच आलं. "आपल्या गोळीत जस्त गेलं तर काय होतं?"

"जस्त?" आफिया संगणकावरून वर बघत म्हणाली. "काका, त्याच्यासारखं वाईट काही नाही. आणि म्हणूनच ते फार कामाचं आहे." विषय तिच्या आवडीचा होता, ती दोन महिन्यांत पहिल्यांदा खुलून बोलली. "इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. तरी गारठ्यात ते जोडीजोडीनं चालायला लागतात, आणि जोडी जमली की वाटेत ठेचकाळत नाहीत. शिसं, कथील असल्या धातूंत ही जोडी कशी जमते ते कळलंय. दोरीच्या बाजेवर एक माणूस बसला की दोर दबतात, मग दुसरा बसला की तो आपोआप पहिल्याकडं घसरतो. धातूतले अणू म्हणजे ते दोर. पण आपली गोळी त्यांच्या मानानं उबदार. एवढ्या उबेत नुसत्या दोरांनी जोडी टिकायला नको. तरी टिकते."

"मग कशानं टिकते?"

"त्यावरच तर चाळीस वर्षं भांडण चाललंय. तांब्याचा एकेक अणू म्हणजे बारीकसं लोहचुंबक. एकाचं तोंड वर, शेजारच्याचं खाली. इलेक्ट्रॉन त्यातून गेला की ती मांडणी डगमगते, आणि त्या डगमगण्यातूनच जोडी जमत असावी, असं पुष्कळ जण म्हणतात. सगळे नाही म्हणत. आता जस्ताचं बघा. त्याच्यात चुंबक नाहीच. जुन्या धातूत असला मुका अणू पडला तर जोडीला काही होत नाही, चुंबकवाला पडला तर मोडते. आपल्या गोळीत उलटं! निकेलला स्वतःचं चुंबक आहे, ते कमी मोडतं. जस्त दुप्पट-तिप्पट मोडतं. शंभरात एका तांब्याच्या जागी जस्त बसलं तर दहा अंश गेलेच समजा. जोडी कशानं मोडते ते नीट पाहिलं तर ती कशानं जमते ते थोडं कळेल, एवढीच माझी उमेद आहे." ती थांबली. "का हो काका? जस्त कुठून आलं मध्येच?"

"सहज विचारलं," काका म्हणाले. आयुष्यात इतकं वाईट खोटं ते कधी बोलले नव्हते.

संध्याकाळी घरी त्यांनी छायाकाकूंना सगळं सांगितलं. काकू मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "त्या पोरीला वाटतंय भुकटी खोटी, भट्टी खोटी. ती आपलंच कपाळ बडवत बसली आहे. आणि तुम्ही मला काय सांगताय? तिला सांगा." काकांना आपल्या नावाची भीती वाटत होती, हे काकूंना दिसत होतं.

सकाळी काकांनी खलबत्ता आफियाच्या टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. फुटलेला खल, अर्ज, पितळ, जस्त. आफियानं एकदा खलबत्त्याकडं पाहिलं, एकदा काकांकडं.

"पाच महिने, काका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यानं जास्तच लागलं. "मी त्या कंपनीला काय काय लिहिलं. सर मला म्हणाले, तुझ्या हाताला शिस्त नाही. अब्बूंना मी सांगितलं की मला जमत नाहीये. तुम्ही एक शब्द बोलला असता तर." मग तिचा तोल गेला. "आता माझ्या भुकटीला तुम्ही हात लावायचा नाही. मी स्वतः घोटेन!"

काका मान खाली घालून निघून आले. तिचं एकही अक्षर चुकीचं नव्हतं.

पण घोटायचं कशात? खरेदी समितीची तारीख अजून लागायची होती. काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पंचवटीत खंडेराव वैद्यांकडं गेले. मोत्याची, पोवळ्याची भुकटी औषधासाठी घोटायला जुन्या वैद्यांकडं अकीकाचे खल असतात, हे भांडी बाजारात वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं. खंडेराव ऐंशीच्या घरातले, तोंडानं फटकळ.

"खल देईन. घोटणार काय?"

"यिट्रियम, तांबं आणि बेरियम."

"बेरियम? म्हणजे विष? आणि परत आणून देणार, आणि मी त्यात लोकांची औषधं घोटणार? चालता हो."

"परत नाही आणणार," काका म्हणाले. "तो परत घेण्यासारखा राहणारच नाही. कायमचा मागतोय. नवा आणून द्यायला मला दोन महिने लागतील, तेवढे दिवस आमच्या कॉलेजातल्या एका पोरीकडं नाहीत. माझ्या चुकीनं तिचं शिक्षण बुडतंय हो."

खंडेराव आत जाऊन एक राखाडी खल घेऊन आले, कडेचा टवका उडालेला. "हा वडिलांचा. टवका उडाल्यापासून वापरत नाही. ने. आणि ह्यात घोटलेलं कुणाच्या पोटात जायला नको एवढं बघ."

काकांनी तो खल आम्लानं तीनदा धुतला, आफियाच्या टेबलावर ठेवला आणि चिठ्ठीत एवढंच लिहिलं: अकीक आहे, तपासून घ्या. तिनं खरंच तपासून घेतला. मग मास्क बांधून घोटण्याच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

काका बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. दुसऱ्या कुणाला आत जायला मनाई करणाऱ्या माणसाला आज आपल्याच खोलीबाहेर बसायची वेळ आली होती. बंद दारातून आवाज येत होता. पहिला तास तसा बरा गेला. दुसऱ्या तासाला लय तुटायला लागली. दोन फेरे जोरात, एक हलका, मग थांबणं. पोरीचा दंड भरला असणार. तिसऱ्या तासाला आवाज थांबला आणि चमच्यानं भुकटी काढायची तयारी सुरू झाल्याचं त्यांना ऐकू आलं. काकांनी स्वतःला पुष्कळ आवरलं. हात लावायचा नाही म्हणाली होती. बोलायचं नाही म्हणाली नव्हती.

"काढू नकोस, पोरी," त्यांनी दाराला तोंड लावून सांगितलं. "अजून खरखर आहे. खालच्या थरात पांढरं शिल्लक असेल."

मग चमच्यानं खालचा थर उलथल्याचा आवाज. आणि मग दार उघडलं. आफिया उभी होती, कपाळावर घाम, उजवा हात डाव्यानं धरलेला.

"आहे पांढरं," ती म्हणाली. "तुम्हाला बाहेरून कसं कळलं?"

"आवाजावरून."

ती दारातून बाजूला झाली. काकांनी खुंटीवरचा आपला मास्क घेतला. त्या दिवशी दोघांनी आळीपाळीनं घोटलं, एक तास ती, एक तास काका, आणि सरसर असा एकसारखा आवाज यायला लागल्यावर काका म्हणाले, "आता ऐक. हा." आफियानं कान देऊन ऐकलं.

भट्टी, घोटणं, भट्टी, घोटणं. डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी नायट्रोजनची गाडी आली. गोळीला चार तारा लावल्या, हळूहळू खाली सोडली, पडद्यावर आकडे उतरायला लागले. पंच्याण्णव, चौऱ्याण्णव. गायधनी सरही येऊन मागं उभे राहिले होते. त्र्याण्णव. ब्याण्णव. काकांनी डोळे मिटले. त्यांना आफियाचा श्वास ऐकू आला, आणि मग तिचा आवाज, रडका आणि हसरा एकाच वेळी: "शून्य! काका, एक्क्याण्णववर शून्य!"

काकांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

आफिया मात्र तेवढ्यावर थांबली नाही. गेले तीन आठवडे ती त्या जुन्या वहीशी काहीतरी करत होती. आता तिनं एक आलेख समोर ठेवला. अकीकाच्या खलात दर वेळी दहा शतांश कमी होत, हे वहीत वर्षानुवर्षांचं होतं. त्यावरून पितळी खलात दर खेपेला किती पितळ मिसळलं ते काढता येत होतं, आणि पितळावरून जस्त. आडवं जस्त, उभं तापमान. सात बिघडलेल्या गोळ्यांचे सात ठिपके जवळजवळ एका रेषेत उतरत गेले होते. आठवी त्या रेषेप्रमाणं त्र्याहत्तरवर असणार होती, आणि नायट्रोजन सत्त्याहत्तरच्या खाली नेत नाही. म्हणून ती मेल्यासारखी वाटली. शेजारी निकेलची रेषा होती, कितीतरी कमी उताराची. जगाला हे माहीत होतं. पण नाशकात, ह्या विभागात, जोडी मोडणाऱ्या मुक्या अणूचं काम पहिल्यांदा कागदावर उतरलं होतं.

सर खूश झाले. "अरे, हे तर फारच छान! मग लिहून टाक ना, जस्त मुद्दाम घातलं होतं. शुद्ध, निकेल, जस्त, तिन्ही झालं. खलबत्त्याची भानगड कशाला? तांबटांचीही निवृत्ती जवळ आली आहे, उगाच नावाला बट्टा."

आफियानं काकांकडं पाहिलं. तिच्या नजरेत हो नव्हतं आणि नाही पण नव्हतं. तिनं ते त्यांच्यावर सोडलं होतं. नाव वाचवायची इतकी सोपी सोय काकांना पुन्हा मिळणार नव्हती.

"नको सर," काका म्हणाले. "मुद्दाम घातलं असतं तर तोलून घातलं असतं. हे झिजून किती गेलं तो आपला अंदाज आहे. तोललंय म्हणून लिहिलं तर पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवून काम करील. जसं झालं तसं लिहा. पितळी खल, आणि घोटणारा मी. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात माझ्यासारखाच कुणी शहाणा बसला असेल, त्याला तरी कळेल."

सरांनी तो मजकूर मात्र वाचून मग सही केली.

पंधरा डिसेंबरला दुपारी काका व्हरांड्यात फोन हातात धरून बसले होते. पुण्याहून फोन आला तेव्हा पहिल्याच घंटेला त्यांनी तो कानाला लावला.

"काका, मंजूर!" आफिया ओरडतच होती. "विषय तोच राहणार, आणि एक वर्ष वाढवून मिळणार आहे. खलबत्त्याचं सांगितलं तेव्हा आधी हसले सगळे. मग ते पांढऱ्या केसांचे परीक्षक म्हणाले, एवढं खरं लिहिलंय तर बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवायला हरकत नाही. पण आता जस्त खरोखर तोलून घालायचं, अर्ध्या अर्ध्या टक्क्यानं. शेवटी मला विचारलं, तुझ्या मते जोडी जमते कशानं?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझ्या आकड्यांवरून चुंबकाकडं बोट जातं, पण नक्की माहीत नाही. ते म्हणाले, आम्हालाही नाही, करत राहा." ती दम घ्यायला थांबली. "बारा गोळ्या लागतील, काका. मेपर्यंत होतील ना? सगळ्या तुम्हीच घोटायच्या आहेत."

काकांनी मनात हिशेब केला. छत्तीस वर्षं निर्मळ गोळ्या केल्या, आणि आता शेवटच्या पाच महिन्यांत मुद्दाम जस्त घालून बिघडवायच्या.

"होतील," ते म्हणाले. "पण तू शेजारी बसायचं. आवाज शिकून घे."